बेटाच्या वाटेवर चुडावा

वैशाख लागला की परभणीत दोनच गोष्टी वाढतात, ऊन आणि लग्नं. सकाळी दहानंतर रस्ते ओस पडतात, कूलरच्या वाळ्याचा ओला वास घरभर फिरत राहतो, आणि संध्याकाळचे पाच वाजले की तेच रस्ते बँडवाल्यांच्या ताब्यात जातात. आमच्या घराजवळ दोन मंगल कार्यालयं इतकी चिकटून आहेत की या मांडवातलं ‘सावधान’ त्या मांडवातल्या नवरदेवालाही ऐकू येतं. आम्हा शिक्षकांना सुट्ट्या असतात, त्यामुळे पत्रिका आली की आम्ही हजर. एका दिवसात तीन ठिकाणी बुंदी खाल्ली की चौथ्या ठिकाणी नुसत्या अक्षता टाकून परत यायचं, असा मी नियमच करून टाकला आहे.

यंदा मात्र अक्षता आमच्याच दारात होत्या. धाकट्या दिराचं, संतोषचं लग्न ठरलं. मुलगी पाथरीची, पूजा नाव, औषधांच्या दुकानात बसते, बोलायला चुणचुणीत. कुंकू लागल्यापासून ती मला ताई म्हणते आणि दिवसातून दोनदा तरी फोनवर काहीबाही पाठवते. ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो, मेंदीचे फोटो. एके दुपारी तिनं सहा बेटांचे फोटो पाठवले. सहाही फोटोंत तेच निळं पाणी आणि पाण्याकडे वाकलेलं तेच एक नारळाचं झाड. खाली लिहिलं होतं, ताई, तुम्ही गेला होतात ना बेटावर, यातलं कुठलं निवडू?

चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात, हे वाक्य मी दर वर्षी सहावीच्या पोरांकडून घोकून घेते. भूगोल हा माझा विषय. नकाशावर कुठलंही बेट विचारा, डोळे मिटून बोट ठेवीन. तरी पूजाला उत्तर द्यायला माझा हात उचलेना. मी फोन पालथा घातला आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटवायला गेले. वाळलेल्या होत्या तरी परत उलटवल्या.

आठ वर्षांपूर्वीचा वैशाख असाच होता. मी सव्वीस वर्षांची, शाळेत नुकतीच कायम झालेली, आणि समुद्र अजून न पाहिलेली. बालाजीचं स्थळ आलं तेव्हा माझे वडील एकच वाक्य बोलले होते, मुलगा चांगला आहे, सरकारी नोकरी आहे, बाकी काय बघायचं. बाकी जे होतं ते आईनं स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. मुलाचे आई-वडील चुडाव्याच्या बाजूला रानात असतात, मेंढरं राखतात, तुला काही त्यांच्यात राहायचं नाही. सांगताना तिनं नळ सोडून ठेवला होता, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

खरं तर आम्हीही त्याच समाजातले. माझे आजोबा मेंढरांमागं गेले, वडीलही दहाव्या वर्षापर्यंत गेले. मग शाळा, डीएड, नोकरी, परभणीत घर. पण आमच्या घरात मेंढरं हा शब्द कुणी उच्चारत नसे. वडिलांच्या अंगठ्याला लहानपणी लोकर कातरताना लागल्याची खूण होती, ती कुणी विचारली तर ते सायकलवरून पडलो म्हणून सांगत. मला ही गोष्ट वडील थकल्यावर त्यांच्या बहिणीनं सांगितली. लाज अशीही घरात रांधली जाते, आणि लेकरं ती चव न विचारता उचलतात.

साखरपुडा ते लग्न हे सव्वा दोन महिने म्हणजे माझा बेट निवडण्याचा हंगाम. आमच्या स्टाफरूममध्ये लग्न झालेल्या सगळ्याजणी महाबळेश्वर नाहीतर मनाली करून आलेल्या. मनालीच्या फोटोत सगळ्या एकच भाड्याचा लाल-काळा पोशाख घालून उभ्या. मला तसं उभं राहायचं नव्हतं. बालाजी रविवारी यायचा आणि आम्ही स्टेशनजवळच्या एका सहलवाल्याच्या केबिनमध्ये बसायचो. केबिनला खिडकी नव्हती, पण तिन्ही भिंतींवर समुद्र होता. तो माणूस एकेक चोपडी उघडायचा. मालदीवमध्ये पाण्यावर बांधलेल्या खोल्या, बालीतले भाताचे हिरवे मजले, मॉरिशस, लक्षद्वीप. गुळगुळीत कागदाचा वास आणि पंख्याची घरघर. मी पानावर बोट ठेवायचे आणि बालाजी म्हणायचा, छान आहे. दुसऱ्या पानावर ठेवलं तरी छान आहे. माझ्या वडिलांना विचारलं तर ते हसून म्हणाले, बनी तो बनी, नहीं तो परभणी. नाहीच जमलं तर आपलं गाव आहेच.

पासपोर्ट दोघांकडेही नव्हता म्हणून शेवटी अंदमान ठरलं. मैत्रिणींना मी ते ‘आयलंड’ म्हणून सांगितलं, गावाचं नाव विचारलं तरच सांगायचं. तिथल्या पावसाला आठवडाभराचा अवकाश आहे, हेही वर्गात सांगावं तसं सांगितलं. एवढ्यात बालाजीच्या मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला. त्यावर आमचे दोघांचे चेहरे, मागं कुठून तरी उचललेला समुद्र, आणि खाली ठळक अक्षरांत ‘अंदमान दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा’. जणू आम्ही निवडणूक जिंकून चाललो होतो. मी वरवर खूप चिडले. पण बाजारातून येताना दोन दिवस मुद्दाम त्याच चौकातून आले.

एका रविवारी त्या केबिनमधून बाहेर पडताना बालाजी जरा थांबत-थांबत बोलला. त्यांच्या घरात एक रीत होती. नवी सून आली की पहिल्या पाच-सात दिवसांत ती मेंढरांत जाते, कळपावर भंडारा उधळते, कळप आणि ती एकमेकांना ओळखीचे होतात. तोवर तिनं मोठं पाणी ओलांडायचं नाही. मोठं पाणी म्हणजे गंगा. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. तो म्हणाला, तासाभराचं काम आहे, मग कुठंही जाऊ. मी म्हणाले, लग्नानंतर तिसऱ्या दिवशीची तिकिटं झाली आहेत, मधल्या दिवशी सत्यनारायण आहे, जमणार कसं.

तिकिटं तेव्हा झालेली नव्हती. सोमवारी शाळा सुटल्यावर मी एकटी त्या सहलवाल्याकडे गेले आणि हैदराबादपर्यंतची, तिसऱ्या दिवसाची करून घेतली. बेट तर नंतर ठरलं, तारीख मी आधी ठरवली होती. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. नऊवारीत, डोक्यावर पदर, पिवळ्या भंडाऱ्यानं माखलेली मी, भोवती मेंढरांचा तो उग्र, तेलकट वास, आणि कुणीतरी मोबाइलवर काढलेला फोटो स्टाफरूमपर्यंत पोचलेला. एवढ्यासाठी मी समुद्र मधे घातला. हे आज लिहितानाही कानशिलं गरम होतात.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, आमच्याकडची पद्धतच आहे. मामा उंच, वाळलेले, डोक्याला लाल पटका, बोलणं थोडं. त्यांना बालाजीनं अडचण सांगितली तेव्हा ते रागावले नाहीत. उलट त्यांनीच तोड काढली, आणि ती अशी की त्यांच्याशिवाय कुणाला सुचली नसती. आमची गाडी सकाळी परभणीहून निघून हैदराबादला जाणार, तिथून विमान. वाटेत पिंगळी, पूर्णा, मग चुडावा. गंगा लागते ती त्याच्याही पुढं, बासरच्या पुलावर. मामा फोनवर म्हणाले, “सून मेंढरात येईना तर मेंढरं सुनंकडं नेऊ. पुलाच्या आधी तिची नजर पडली, तिनं हात केला, म्हंजी झालं. देवाला समजतंय की.”

तेव्हा त्यांची मेंढरं स्टेशनपासून बरीच लांब, एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात बसवलेली होती. वैशाखात रानं रिकामी असतात, खतासाठी लोक मेंढरं बसवून घेतात. त्या दिवशी मामा आणि आत्या पहाट फुटताच निघाले. दोनअडीचशे मेंढरं, त्यांत वीतभर लांबीची कोकरं, काही त्यांनी खांद्यावर घेतलेली, आणि उन्हाच्या आत रूळ गाठायचा होता. हे सगळं मला नंतर कळलं. बालाजीनं आदल्या दिवशी त्यांना आमचा डबा इंजिनापासून कितवा, खिडकी कुठल्या अंगाला, हे तीनदा समजावून सांगितलं होतं. मी शेजारच्या खोलीत बॅगेत गॉगल कुठं ठेवावा या विचारात होते.

थंड डब्यात आमच्यासमोर एक नवं जोडपं होतं. त्याच सहलवाल्याचं गिऱ्हाईक, जालन्याकडचं, दोघंही डॉक्टर. तिच्या मेंदीचा रंग माझ्यापेक्षा गडद, बोलणं मोकळं. पूर्णेपर्यंत आम्ही एकमेकींची लग्नं सांगून संपवली. मग तिनं सहज विचारलं, सासरी कोण कोण असतं, काय करतात. मी म्हणाले, सासू-सासरे फार्महाऊसवर असतात. हा शब्द माझ्या तोंडून इतका अलगद सुटला की मलाच नवल वाटलं. बालाजी तेव्हा डब्याच्या दाराशी जाऊन उभा होता. पूर्णा सुटल्यापासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. जाताना मला सांगून गेला, खिडकीजवळ बस, डाव्या अंगाला बघ.

चुडाव्याला आमची गाडी थांबत नसे. पण त्या दिवशी सिग्नलपाशी ती हळू झाली, इतकी हळू की बाहेरच्या बाभळीच्या शेंगा मोजता आल्या असत्या. आणि मग ती दिसली. रुळाच्या कडेनं काळी-पांढरी-तपकिरी मेंढरं, धुळीत, एकमेकांना खेटून उभी. सगळ्यांच्या पाठीवर पिवळा भंडारा. माझ्या वाट्याचा भंडारा मामांनीच उधळून ठेवला होता. आत्या लग्नातलीच साडी नेसून, एक कोकरू पोटाशी धरून उभ्या होत्या. मामा एका हातानं काठी आणि दुसऱ्या हातानं दस्ती हलवत होते. पांढरी दस्ती, अहेरात आलेला रुमाल, नवा कोरा. ते गाडीकडे बघून हसत होते आणि प्रत्येक खिडकी समोरून जाताना मान पुढं काढत होते.

डॉक्टरबाई काचेला नाक लावून म्हणाली, किती मेंढ्या आहेत बघा, ते आजोबा कुणाला हात करतायत कोण जाणे.

मी पडदा ओढला. म्हणाले, “ऊन येतंय.”

ऊन दुसऱ्या बाजूला होतं. सकाळी सूर्य कुठं असतो हे मी पोटापाण्यासाठी शिकवते.

पडदा निळ्या जाड कापडाचा होता, त्याला फिनाइलसारखा वास होता. त्याच्या आड मी किती वेळ बसले ते आठवत नाही, पण गाडीनं वेग धरेपर्यंत बसले. बालाजी आत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि केसांत धूळ होती. त्यानं विचारलं, पाहिलंस? मी म्हणाले, पाहिलं, हात पण केला. त्यानं लगेच वडिलांना फोन लावला. दादा, तिनं हात केला म्हणते. पलीकडून मेंढरांचा कालवा ऐकू आला, मामा काय बोलले ते ऐकू आलं नाही. बालाजी मात्र फोन ठेवल्यावर पुष्कळ वेळ स्वतःशीच हसत होता. बासरचा पूल आला तेव्हा सगळ्यांबरोबर मीही डब्याच्या दाराशी जाऊन पाण्यात नाणं टाकलं आणि हात जोडले. देवासमोर इतक्या सफाईनं खोटं वागता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो असा. तो सुंदरच होता, त्याचा काय दोष. पाणी काठाशी पोपटी, पुढं निळं, त्याही पुढं काळपट. वाळू इतकी बारीक की पायाखाली चिर्र वाजायची. संध्याकाळी ओहोटीनं मागं सोडलेल्या खळग्यांमध्ये इवलेसे खेकडे पळायचे. मी गॉगल लावून, टोपी घालून, ज्या फोटोंची सव्वा दोन महिने तयारी केली होती ते सगळे काढून घेतले. तेही छान आले. आजही शाळेत कुणाचं लग्न ठरलं की तो अल्बम मागतात.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर बकऱ्या आल्या. बेटावरच्या बकऱ्या, आखूड पायांच्या, नारळाच्या पडलेल्या फांद्या चघळत फिरणाऱ्या. बालाजी बेटावर आल्यापासून पहिल्यांदा खुलला. तो वाळूत उकिडवा बसला, जिभेनं टाळूला असा काही आवाज केला की दोन बकऱ्या चालत त्याच्याजवळ आल्या. एकीचा खूर त्यानं हातात घेऊन पाहिला, खुराच्या फटीत खडा अडकला होता, तो काढला. मी आजूबाजूला बघत होते, डॉक्टर जोडपं कुठं आहे म्हणून. ते आमच्या मागंच उभं होतं. बाई कौतुकानं म्हणाली, तुम्हाला कसं काय येतं हे. बालाजी हात झटकत म्हणाला, “आमची मेंढरं हायत की. येताना गाडीतून दिसली नाहीत का तुम्हाला? आमच्या दादांनीच आणली होती, हिच्यासाठी.”

त्या बाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. एवढंच म्हणाली, हो, दिसली, छान होती. पुढचे दोन दिवस ती पहिल्यासारखीच गोड वागली, नाश्त्याला शेजारी बसली, फोटो काढून दिले. फक्त सासरचं पुन्हा कधी विचारलं नाही. ती टाकून बोलली असती तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

परत आल्यावर कळलं की मामांनी साऱ्या गावाला सांगितलं होतं. सुनेनं काचेतून हात केला. चुडाव्याच्या चहाच्या टपरीवर सांगितलं, मेंढरं बसवलेल्या शेतकऱ्याला सांगितलं, पाहुण्यांत सांगितलं. पुढं प्रत्येक लग्नात, बारशात, तेराव्यातसुद्धा मला बघून कुणी ना कुणी म्हणायचं, हीच ना गाडीतून हात करणारी. मी मान खाली घालायचे, लोक त्याला विनय समजायचे. आत्यांनी ते कोकरू माझ्या नावचं म्हणून वाढवलं. मोठी होऊन ती मेंढी व्याली की फोन यायचा, तुझ्या मेंढीला झालं म्हणून. मी कळपात गेले नाही असं नाही, दिवाळीत जायचे, डबा घेऊन जायचे, फोटोही काढू द्यायचे. वास आता मला परका वाटत नाही. पण मामा ती गोष्ट सांगायला लागले की मी काहीतरी आणायला उठायचे.

तर यंदा पूजानं बेट विचारलं, आणि त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. म्हणाले, धाकलीची बी गाडी तिकूनच जायलीय ना, मंग थोरलीवानीच करू, मी मेंढरं आणतो रुळावर. मामा आता सत्तरीच्या पुढं गेले आहेत. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून चालतात. मेंढरंही आता शंभराच्या आतच राहिलीत आणि संतोष मागं लागला आहे की तीही विकून टाका. तेवढी वाट, तेवढं ऊन, आणि काचेच्या आत कोण काय करेल याचा काही भरवसा नाही. तो भरवसा नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत. त्या रात्री मला झोप आली नाही असं लिहिलं तर ते शोभून दिसेल, पण मी झोपले होते. सकाळी उठल्यावर मात्र चहा गोड लागेना.

पूजाला मी फोन केला आणि रीत सांगितली. आडपडदा न ठेवता सांगितलं की मामांना चालवत नाही, आणि गाडीतून बघणं ही खरी रीत नाही, ती माझ्या सोयीसाठी निघालेली पळवाट आहे. मी शब्द जुळवून ठेवले होते, तिला कमीपणा वाटू नये म्हणून काय काय बोलायचं ते. ती मधेच म्हणाली, “मग जाऊ की आपण मेंढरांत. तिकिटं दोन दिवस पुढं ढकलते. नाहीतरी मला लहान कोकरू कधी हातात घ्यायला मिळालं नाही.” एवढंच. माझा आठ वर्षांचा डोंगर तिनं दोन वाक्यांत ओलांडला आणि लगेच विचारलं, ताई, पिवळी साडी नेसू का, भंडाऱ्याचे डाग दिसणार नाहीत.

बालाजीला त्या दुपारी खरं सांगितलं. तो कूलरमध्ये पाणी भरत होता. टाकी भरून पाणी खाली सांडायला लागलं तरी त्यानं नळी काढली नाही. मला वाटलं आता रागावेल, आणि मला ते हवंही होतं. तो म्हणाला, “दादांना सांगू नको.” मी म्हणाले, त्यांना कळायला हवं, मला हे सहन होत नाही. त्यानं नळी गुंडाळली, फरशी पुसली आणि पुन्हा तेवढंच म्हणाला, सांगू नको. मला त्याचं म्हणणं तेव्हा भित्रेपणाचं वाटलं. चूक कबूल करणं चांगलं, असं मी मुलांना शिकवते.

लग्नानंतरच्या चौथ्या दिवशी आम्ही सगळे चुडाव्याच्या रानात गेलो. सकाळचे आठ वाजले नव्हते तरी वारा गरम होता. काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या, बांधावर लिंबाच्या पिकलेल्या लिंबोळ्यांचा कडू-गोड वास, आणि त्याच्यातून येणारा मेंढरांचा. पूजानं ओंजळ भरून भंडारा उधळला, वारा उलटा फिरला आणि निम्मा तिच्याच तोंडावर आला. ती शिंकली, सगळे हसले, आत्यांनी तिच्या हातात कोकरू दिलं. तिनं ते असं धरलं की जणू ती रोज धरते. मी बाजूला पाण्याची घागर घेऊन उभी होते. मला तिचा हेवा वाटला आणि हेवा वाटल्याची आणखी लाज वाटली.

पूजाच्या पाथरीच्या मामींना सावलीत बसवून मामा गोष्ट सांगायला लागले. तीच गोष्ट. गाडी कशी हळू झाली, मेंढरं कशी ओळीनं उभी राहिली, आणि थोरल्या सुनेनं काचेतून कसा हात केला. सांगताना त्यांनी स्वतःचा हात वर करून दाखवला, अगदी हलकेच, बोटं जराशी वाकवून. त्या मामी माझ्याकडे बघून हसल्या. मी घागर खाली ठेवली. त्या क्षणी मला वाटलं, आता नाही सांगितलं तर मी आयुष्यभर या माणसाच्या तोंडून ऐकत राहीन आणि आतून कुजत राहीन.

पाहुणे जेवायला बाभळीखाली गेले. मामा एकटेच मागं राहिले होते, एका मेंढीच्या पाठीवरचा भंडारा हातानं पसरवत. मी जवळ गेले आणि म्हणाले, “मामा, त्या दिवशी मी हात केला नव्हता. मी पडदा ओढला होता. मला लाज वाटली होती, तुमची.”

त्यांचा हात मेंढीच्या पाठीवरून फिरत राहिला. ते म्हणाले, “ठाव हाय मला. मी सामनेच हुबा व्हतो. तुझं तोंड दिसलं, मंग पडदा दिसला.”

मी विचारलं, मग तुम्ही इतकी वर्षं लोकांना कसं सांगत होतात.

“बालाजीचा फोन आला ना, तिनं हात केला म्हनून. पोरगं लय खुश व्हतं. मी म्हनलं, केला आसंल बाबा. मंग गावात इचारायले लोक, त्यायला सांगितलं. सांगून सांगून मलाबी दिसाया लागला तुझा हात. बांगड्यासुदिक दिसायच्या, हिरव्या.”

त्यांनी मेंढीला हलकेच पुढं ढकललं, काठी उचलली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग शोधला तर मला सापडला नाही. एखाद्याची वस्तू आपल्या हातून पडून फुटावी आणि त्यानं नुसतं खाली बघावं, तसे ते बघत होते.

“आता कशाला सांगितलंस, बाई,” ते म्हणाले. “आता न्हाई दिसायचा.”